थॉमस क्लार्कसन स्मरण-प्रदर्शन: काय मांडावं, कसं मांडावं (चर्चा; प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

कंदील

२८ मार्च हा थॉमस क्लार्कसनचा जन्मदिवस. जन्म १७६०, गाव विस्बेच, इंग्लंडमधलं केंब्रिजशर. गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या ब्रिटिश लढ्याचं नाव निघालं की आपल्याकडे विल्बरफोर्सचं नाव येतं आणि विषय तिथेच संपतो. संसदेत भाषणं विल्बरफोर्सने केली, पण त्या भाषणांना लागणारा पुरावा गावोगाव, बंदरोबंदर फिरून गोळा केला तो क्लार्कसनने. त्याच्यावर वाचनालयाच्या एका दालनात (३० × २० फूट) आठवडाभराचं प्रदर्शन मांडायचं आहे. पाहायला येणारे बहुतेक आठवी ते बारावीचे विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक.

जाणकारांकडून तीन गोष्टी हव्यात. मजकुरात कोणत्या चुका हमखास होतात? वस्तू किंवा प्रतिकृती काय ठेवाव्यात? आणि 'ब्रुक्स' जहाजात गुलाम कसे कोंबत हे दाखवणारा तो प्रसिद्ध आराखडा नुसता छापून लावायचा, की आणखी काही करता येईल?

फेनलँडची वाट

आधी मजकूर. प्रदर्शनाचा कणा 'पुरावा' हा ठेवा. जन्म, शिक्षण, कार्य, मृत्यू अशा चार फलकांवर हा माणूस बसत नाही.

१७८५ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने लॅटिन निबंधस्पर्धेला विषय दिला होता: माणसांना त्यांच्या इच्छेविरुद्ध गुलाम करणं योग्य आहे का? क्लार्कसनने बक्षिसासाठी लिहायला घेतलं आणि वाचता वाचता हादरला. बक्षीस मिळालं. लंडनला परतताना हर्टफर्डशरमधल्या वेड्समिलजवळ तो घोड्यावरून उतरला आणि रस्त्याकडेला बसून राहिला. निबंधात लिहिलंय ते खरं असेल, तर हे थांबवायला कुणीतरी उठायला हवं, असं तिथे त्याच्या मनाने घेतलं. त्या जागी १८७९ मध्ये उभारलेला एक लहान दगडी स्तंभ आजही आहे.

२२ मे १७८७ रोजी लंडनमध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी १२ जणांची समिती बसली. त्यातले ९ क्वेकर या छोट्या ख्रिस्ती पंथाचे होते. क्वेकर संसदेत जाऊ शकत नव्हते आणि लोक त्यांना थोडं वेगळंच समजत, त्यामुळे क्लार्कसन आणि ग्रॅनव्हिल शार्पसारखी अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चची, माणसं समितीला हवीच होती. क्लार्कसनच्या वाट्याला आलं पुरावा गोळा करण्याचं काम. पहिल्या सात वर्षांत त्याने घोड्यावरून सुमारे ३५,००० मैल प्रवास केला.

हमखास होणाऱ्या चुका सांगतो.

१८०७ आणि १८३३ यांची गल्लत सर्वांत जास्त होते. १८०७ च्या कायद्याने ब्रिटिशांचा गुलामांचा व्यापार बंद झाला, गुलामगिरी नव्हे. २३ फेब्रुवारी १८०७ ला कॉमन्समध्ये २८३ विरुद्ध १६ मतं पडली, २५ मार्चला राजाची संमती मिळाली. वेस्ट इंडीजच्या मळ्यांवर जे गुलाम होते ते गुलामच राहिले. गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ चा, तो लागू झाला १ ऑगस्ट १८३४ पासून. तेव्हाही सहा वर्षांपेक्षा मोठ्या सगळ्यांना 'उमेदवारी'च्या (काम शिकण्याच्या मुदतीच्या) नावाखाली त्याच मालकाकडे बिनपगारी राबवलं गेलं. ती उमेदवारी १ ऑगस्ट १८३८ ला संपली. नुकसानभरपाई म्हणून २ कोटी पौंड दिले गेले आणि ते सगळे मालकांना. राबलेल्यांना एक पेनीही नाही. हे वाक्य मोठ्या अक्षरात लावा.

दुसरी चूक: 'क्लार्कसनने २०,००० खलाशांच्या मुलाखती घेतल्या'. इंटरनेटवर हे सर्रास दिसतं. त्याने २०,००० हून जास्त खलाशांची नावं आणि त्यांचं पुढे काय झालं याची माहिती जमवली, आणि ती मुख्यतः जहाजांच्या खलाशी-नोंदपटांवरून. मुलाखतीही घेतल्या, पण हा आकडा त्यांचा नाही.

तिसरी: ब्रुक्सचा आराखडा एकट्या क्लार्कसनच्या नावावर टाकणं. पहिला आराखडा प्लिमथच्या समितीने १७८८ च्या अखेरीस छापला. लंडनच्या समितीने १७८९ मध्ये तो वाढवून, जहाजाचे छेद आणि वेगवेगळ्या पातळ्यांचे आराखडे जोडून पुन्हा काढला. क्लार्कसनचा हात या दुसऱ्या आवृत्तीत आहे.

जुनी शाई

नोंदपटांचा मुद्दा विद्यार्थ्यांना नीट समजावा असं वाटत असेल तर तो युक्तिवाद म्हणून मांडा, कारण खरी हुशारी तिथे आहे.

व्यापाराच्या बाजूचे लोक म्हणत, गुलामांची जहाजं म्हणजे आरमारासाठी खलाशी घडवणारी शाळा. ब्रिटनमध्ये या मुद्द्याला फार वजन होतं. आफ्रिकनांचे हाल ऐकून न बधणारा खासदारही आरमाराचं नाव निघालं की कान टवकारायचा. क्लार्कसनने तोच मुद्दा उचलला. ब्रिस्टल आणि लिव्हरपूलमध्ये जहाजांचे नोंदपट जपलेले असत: किती जण चढले, किती मेले, किती पळाले, किती परत आले. गुलामांच्या जहाजांचे आणि इतर व्यापारी जहाजांचे नोंदपट शेजारी ठेवल्यावर दिसलं की ही शाळा नसून स्मशान आहे. गुलामांच्या जहाजांवर खलाशी इतर जहाजांच्या मानाने कितीतरी जास्त मरत होते. ताप, हगवण, कप्तानाची मारहाण, आणि वेस्ट इंडीजला पोहोचल्यावर आजारी खलाशाला किनाऱ्यावर टाकून देणं, ही त्याची कारणं.

फलकासाठी नोंदपटाचा कोरा नमुना करा. रकाने पाच: नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, कुठे उतरला, शेरा. खोटी नावं भरू नका, रकाने रिकामेच ठेवा. एवढ्या साध्या तक्त्यातून काय काढता येतं हे पोरांना त्यावरूनच कळेल.

साक्षीदार मिळवणं मात्र फार अवघड होतं. खलाशी बोलायला तयार व्हायचा आणि लंडनला साक्षीला यायची वेळ आली की पुढच्या सफरीवर निघून गेलेला असायचा. ज्यांना पुन्हा नोकरी हवी होती ते बोलतच नसत. ब्रिस्टलमध्ये 'सेव्हन स्टार्स' या दारूच्या गुत्त्याचा मालक थॉम्पसन त्याला रात्री मार्श स्ट्रीटवरच्या गुत्त्यांमध्ये घेऊन जायचा. खलाशांना दारू पाजून, कर्जात अडकवून गुलामांच्या जहाजांवर कसं चढवतात, हे क्लार्कसनने तिथे पाहिलं. लिव्हरपूलच्या धक्क्यावर आठ-नऊ जणांच्या टोळक्याने त्याला पाण्यात ढकलायचा प्रयत्न केला, तो त्यांच्यातून वाट काढत निसटला.

एक प्रसंग स्वतंत्र फलकाच्या लायकीचा आहे. आफ्रिकेच्या नद्यांमध्ये होड्या घालून रात्री गावांवर छापे पडतात का, हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस हवा होता. एक खलाशी तशा छाप्यांवर जाऊन आला आहे असं कळलं, पण नाव माहीत नाही, जहाज माहीत नाही. एवढंच ठाऊक की तो एखाद्या राखीव युद्धनौकेवर असावा. क्लार्कसन डेप्टफर्ड, वुलिच, चॅटम, शियरनेस, पोर्ट्समथ असं करत एकेक नौका चढत उतरत गेला. प्लिमथमध्ये ५७ वी नौका 'मेलॅम्पस' होती, तिच्यावर आयझॅक पार्कर सापडला. त्याची साक्ष संसदेच्या समितीपुढे झाली.

तळघर

वस्तूंबद्दल मी लिहितो.

क्लार्कसनची पेटी हा प्रदर्शनाचा मध्य करा. मूळ लाकडी पेटी विस्बेचच्या संग्रहालयात आहे. आत खणांमध्ये आफ्रिकेतून आलेला माल: विणलेलं सुती कापड, कातडीकाम, हस्तिदंत, लाकडाचे नमुने, मिरी, डिंक, नीळ, बिया. हिच्यामागे एक प्रश्न होता: आफ्रिकेकडून माणसंच का विकत घ्यायची? हा माल घ्या, त्यात जास्त फायदा आहे. आणि दुसरं, एवढं बारीक विणणारे, रंगवणारे, घडवणारे लोक 'रानटी' कसे? १७८८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलसमोर, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळासमोर, चौकशी झाली तेव्हा हे नमुने त्याने तिथे दाखवले. लिव्हरपूलच्या एका दुकानात खुलेआम विकायला ठेवलेल्या बेड्या, अंगठे चेपायचे स्क्रू आणि न खाणाऱ्याचं तोंड जबरदस्तीने उघडायचं लोखंडी साधन हेही त्याने विकत घेतलं होतं.

प्रतिकृती करताना: पेटी साधारण २ फूट × दीड फूट पुरते. आत प्लायच्या पट्ट्यांनी खण पाडा. प्लाय आणि सागवान दोन्हींतून आम्लाचा वास सुटत राहतो आणि कापड पिवळं पडतं, म्हणून प्रत्येक खणात आधी पारदर्शक पॉलिएस्टर शीट आणि वर धुतलेलं, खळ काढलेलं मांजरपाट घाला. मसाले आणि बिया बाजारातून आणल्या की त्यात किडे येतातच. झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा, डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका. लगेच उघडली तर बाहेरची वाफ थंड बियांवर बसते आणि चार दिवसांत बुरशी धरते. डांबराच्या गोळ्या ठेवू नका. बंद पेटीत त्या वासाने मुलांना त्रास होतो, शिवाय कापडावर पांढरे कण बसतात.

कापडासाठी इंदुरी किंवा पैठणीचा तुकडा टाकून मोकळं होऊ नका. पश्चिम आफ्रिकेतलं बरंच कापड अरुंद पट्ट्यांत विणतात, पट्टी चार-पाच इंच रुंद, आणि मग त्या पट्ट्या कडेला कड शिवून मोठं वस्त्र होतं. तसं खरं कापड मिळालं नाही तर साध्या खादीच्या पट्ट्या कापून शिवा आणि पट्टीवर 'रचना दाखवण्यासाठी केलेला नमुना' असं लिहा. हस्तिदंत अजिबात नको, जुनंही नको, कायद्याने अडचणीत याल. त्याजागी मोठं छायाचित्र लावा.

बेड्यांची प्रतिकृती ठेवायची तर बंद काचेखाली. हातात घालून फोटो काढायची सोय अजिबात ठेवू नका.

गोदाकाठ

नाशिकमध्ये हे प्रदर्शन होणार असेल तर एक फलक शरणपूरचा हवाच, आणि मुंबई-पुण्यात होणार असलं तरी हवा.

१८०७ नंतर ब्रिटिश आरमार गुलाम नेणारी जहाजं पकडू लागलं. हिंदी महासागरात पूर्व आफ्रिकेकडून अरबस्तानाकडे जाणाऱ्या गलबतांवरून सुटका केलेली मुलं-माणसं मुंबईला उतरवली जात. त्यातल्या बऱ्याच मुलांना नाशिकजवळ शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमात ठेवलं होतं. तिथे लिहिणं-वाचणं आणि सुतारकाम, लोहारकाम असे धंदे शिकवत. आजचा शरणपूर रोड रोज हजारो लोक तुडवतात, त्यांना याचा पत्ताही नसतो.

त्याच मुलांतला जेकब वेनराईट. आफ्रिकेत फिरणारा स्कॉटिश मिशनरी-प्रवासी लिव्हिंगस्टन मे १८७३ मध्ये आजच्या झांबियात वारला तेव्हा जेकब त्याच्या तांड्यात होता. त्याचे नोकर सुसी, चुमा आणि बाकीच्यांनी मृतदेह उन्हात वाळवून शेकडो मैल पायी किनाऱ्यापर्यंत नेला. जिथे काळीज पुरलं त्या झाडावर अक्षरं जेकबने कोरली, कारण लिहायला तो शिकलेला होता. तो मृतदेहाबरोबर इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अॅबीतल्या अंत्यविधीत शवपेटीच्या मानकऱ्यांत होता. त्याच अॅबीत क्लार्कसनची पाटी लागायला १९९६ साल उजाडलं, त्याच्या मृत्यूनंतर बरोबर दीडशे वर्षं!

१८७३ मध्येच बार्टल फ्रिअरने, जो आधी मुंबईचा गव्हर्नर होता, झांझिबारच्या सुलतानाकडे गुलामांचा बाजार बंद करण्यासाठी बोलणी केली. करार त्या वर्षी जूनमध्ये झाला. पुढे मोंबासाजवळ सुटका झालेल्यांसाठी वसाहत झाली, तिला फ्रिअर टाउन नाव पडलं, आणि नाशिकला शिकलेले कित्येक जण तिथे शिक्षक-कारागीर म्हणून गेले.

फेनलँडची वाट

गोदाकाठ, फलक घ्याच. फक्त एक काळजी घ्या. शरणपूर ही क्लार्कसनची संस्था नव्हती आणि त्याचा तिच्याशी थेट संबंध नाही, तो १८४६ मध्येच वारला होता. 'क्लार्कसनच्या कार्यामुळे नाशिकला आश्रम' असं लिहिलंत तर ते खोटं ठरेल. '१८०७ च्या कायद्यानंतर समुद्रावर सुटका झालेल्यांचं पुढे काय झालं' असं शीर्षक द्या.

भारताबद्दल अजून एक गोष्ट टाळता येणार नाही. १८३३ च्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता. इथे वेगळा कायदा झाला १८४३ मध्ये, पाचवा अधिनियम. त्याने कोर्टाला गुलामीचा हक्क मान्य करायला मनाई केली. गुलाम बाळगणं-विकणं हा गुन्हा ठरला तो भारतीय दंडसंहितेने, १८६० ची, अंमल १८६२ पासून.

अक्षरवेल

महात्मा फुल्यांचा उल्लेख कुणी ना कुणी करणारच, म्हणून आधीच सांगते. १८७३ च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या लोकांना आहे, निग्रो गुलामगिरीविरुद्ध त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. ब्रिटिश समितीला किंवा क्लार्कसनला नाही. क्लार्कसनच्या चित्राखाली ती ओळ चिकटवू नका. वेगळा फलक करून, अर्पणपत्रिका कुणाला आणि का हे स्पष्ट लिहून लावली तर ती इथे शोभते.

मला या आराखड्यात खटकतंय ते वेगळंच. पाच-सहा प्रतिसाद झाले, आणि जेकब सोडला तर एकाही आफ्रिकन माणसाचं नाव ठसठशीत आलेलं नाही. ओलाउदा इक्वियानो कुठे आहे? क्लार्कसनचा गौरव करताना ज्यांनी स्वतः ते भोगलं आणि स्वतः लिहिलं, त्यांना मागच्या भिंतीवर ढकलायचं का? चित्रांतही तेच. चिनी मातीच्या भांड्यांचा कारखानदार वेजवुड याची १७८७ ची मुद्रा, गुडघ्यावर बसलेला, हात जोडलेला, साखळदंडातला माणूस, हीच जिकडेतिकडे पोस्टरवर येते. विस्बेचमधल्या क्लार्कसनच्या स्मारकावरही एका बाजूला तसाच विनवणी करणारा गुलाम कोरलाय, बाकी बाजूंना विल्बरफोर्स आणि शार्प यांना नावासकट जागा.

फेनलँडची वाट

अक्षरवेल, शंभर टक्के बरोबर. पोस्टरवर इक्वियानोचं चित्र घ्या. १७८९ मध्ये त्याने आत्मचरित्र छापलं, त्याच्या सुरुवातीला त्याचं चित्र आहे: लाल कोटातलं रंगीत चित्र म्हणून जे फिरतं ते नव्हे, छापील कोरीव चित्र, हातात उघडं बायबल, नजर थेट आपल्याकडे.

आणि त्याला क्लार्कसनच्या शेजारी ठेवायला भक्कम आधार आहे. १७८१ मध्ये 'झाँग' जहाजावरून १३० हून जास्त आफ्रिकनांना जिवंत समुद्रात फेकलं आणि मालकांनी विम्याचे पैसे मागितले. मार्च १७८३ मध्ये ही बातमी ग्रॅनव्हिल शार्पच्या दारात घेऊन गेला तो इक्वियानो. म्हणजे लंडनची समिती बसायच्या चार वर्षं आधी. १७८९ मध्ये क्लार्कसनने त्याला केंब्रिजच्या मंडळींना ओळखपत्र दिलं, पुस्तकाची विक्री तिथे व्हावी म्हणून. इक्वियानोने १७९२ मध्ये केंब्रिजशरमधल्याच सोहम गावी सुझाना कलनशी लग्न केलं. म्हणजे विस्बेच आणि सोहम एकाच नकाशावर दाखवता येतात. इक्वियानो १७९७ मध्ये वारला, १८०७ चा कायदा त्याला पाहायला मिळाला नाही.

स्वतः गुलामी भोगलेल्या ओटोबा कुगोआनोचं पुस्तक १७८७ चं, तशाच मेरी प्रिन्सचं १८३१ चं. या दोघांची नावं आणि वर्षं तरी कालरेषेवर हवीतच.

जुनी शाई

कालरेषेवर २२-२३ ऑगस्ट १७९१ ची रात्रही घाला. सेंट डोमिंगो, म्हणजे आजचं हैती, तिथल्या गुलामांनी उठाव केला आणि १८०४ मध्ये स्वतंत्र देश उभा केला. लंडनमध्ये व्यापार बंद करा म्हणून संसदेला अर्ज लिहिले जात होते तेव्हा तिकडे माणसं स्वतः बेड्या तोडत होती. २३ ऑगस्ट हा युनेस्कोने गुलामांच्या व्यापाराच्या स्मरणाचा दिवस ठरवलाय तो त्यामुळेच.

अर्जांचंही एक दालन होईल. १७९२ मध्ये ५१९ अर्ज संसदेत पोहोचले. वेस्ट इंडीजची साखर न खाण्याची चळवळ १७९१ पासून घराघरांत गेली, आणि ती स्वयंपाकघरातून चालत असल्याने बायकांनी चालवली. त्यांना मताचा हक्क नव्हता, पण घरात साखर कुठली येणार हे त्या ठरवत. पुढे १८२३ मध्ये नवी समिती झाली तेव्हा साठी ओलांडलेला क्लार्कसन पुन्हा घोड्यावर बसला, १०,००० मैल फिरला, आणि १८२४ च्या उन्हाळ्यापर्यंत संसदेकडे ७७७ अर्ज गेले.

मोजपट्टी

ब्रुक्सकडे येतो. कागदावरचा आराखडा लावाच, पण खरी जागा जमिनीवर आखा. मापं १७८९ च्या छापील पत्रकात दिलेली आहेत:

पुरुषाला ६ फूट लांब, १ फूट ४ इंच रुंद (१८३ × ४०.६ सेंमी).
स्त्रीला ५ फूट १० इंच × १ फूट ४ इंच.
मुलाला ५ फूट × १ फूट २ इंच.
मुलीला ४ फूट ६ इंच × १ फूट.

मजल्याची उंची ५ फूट ८ इंच, आणि मध्ये फळ्यांचा दुसरा थर. बरोबर अर्धं केलं तरी २ फूट १० इंच (८६ सेंमी). प्रत्यक्षात फळीची जाडी वजा होते, म्हणजे बसताही येत नाही.

तुमच्या दालनात दहा पुरुषांची एक ओळ मावते: १३ फूट ४ इंच × ६ फूट. त्यासाठी टेप लागते जवळपास ९३ फूट, म्हणजे २८ मीटर. बाजारात २० मीटरचे रोल मिळतात, दोन घ्या. फरशी २ × २ फुटी असेल तर काम सोपं: तीन फरशा लांबी, आणि दोन फरशांच्या रुंदीत तीन माणसं. आधी खडूने खुणा, मग लांब कडांच्या दोन टेप, मग आडव्या अकरा. आडव्या टेप आधी लावल्या की कडा वाकड्या जातात. शेजारी दोन खांबांना ८६ सेंमीवर सुतळी ताणा, म्हणजे वरचा थर कुठे यायचा ते दिसेल. सुतळी वाटेत नको, पाय अडकतात.

शाळेचं मैदान मिळालं तर पुरुषांचा पूर्ण कक्ष आखा: ४६ फूट × २५ फूट ४ इंच. काटकोनासाठी ६-८-१० ची दोरी. चुन्याची फक्की सकाळी वारा सुटायच्या आत टाका. ४६ फुटांत एका ओळीत ३४ माणसं बसतात. संपूर्ण १०० फुटी मजला आयत म्हणून आखू नका. जहाज पुढे निमुळतं होतं, आयत आखला की जागा खरीपेक्षा जास्त दिसते.

आकड्यांची फोड फलकावर द्या, गणिताच्या शिक्षकांना आवडेल. जहाजात किती गुलाम न्यायचे यावर मर्यादा घालणाऱ्या १७८८ च्या डॉल्बेन कायद्याने २०१ टनांपर्यंत दर ३ टनांमागे ५ माणसं, त्यावर दर टनामागे १. ब्रुक्स मोजल्यावर ३२० टन भरलं. २०१ ला ३ ने भागून ५ ने गुणा: ३३५. उरलेले ११९ टन, ११९ माणसं. एकूण ४५४. लंडनच्या आराखड्यात ४८२ आकृत्या काढल्यात. आणि कायद्याआधीच्या एका सफरीत या जहाजाने ६०९ माणसं नेली होती. म्हणजे चित्र पाहून अंगावर काटा येतो, पण प्रत्यक्ष त्याहून वाईट होतं.

अक्षरवेल

मोजपट्टी, चौकटी आखल्या की 'चला मुलांनो, झोपून बघा' असं कुणीतरी शिक्षक म्हणणार. ते होऊ देऊ नका. तसं झालं की हसणं-खिदळणं आणि सेल्फी सुरू होतात, आणि एखाद्या मुलाला खरंच भीतीचा झटकाही येऊ शकतो. कुणाच्या तरी मरणाच्या जागेवर अभिनय करायचा नसतो.

मोजपट्टी

मान्य. चौकटीभोवती एक फुटावर दुसरी टेप लावा, पाहणारे तिच्या बाहेर. प्रत्येकाच्या हातात मोजपट्टी द्या, स्वतःच्या खांद्याची रुंदी मोजून ती १६ इंचांशी ताडून बघू दे. मोजणं हेच तर क्लार्कसनने केलं. ब्रिस्टलमध्ये त्याने दोन छोटी गलबतं स्वतः मोजली, एक २५ टनांचं ७० माणसांसाठी, दुसरं अवघं ११ टनांचं ३० माणसांसाठी.

पोर्ट लुईस

मॉरिशसहून लिहितोय. आमच्याकडे गुलामगिरी संपली १ फेब्रुवारी १८३५ ला, त्या दिवशी सुट्टी असते. आणि २ नोव्हेंबरला गिरमिटियांच्या (करारी मजुरांच्या) आगमनाचा दिवस. दोन्ही जोडून पाहिल्याशिवाय १८३३ चा कायदा कळत नाही. मळेवाल्यांना फुकटचे हात जाणार हे दिसलं, आणि १८३४ मध्येच 'अॅटलस' जहाजातून भारतातले करारी मजूर आले. पुढे रत्नागिरी आणि कोकणातूनही माणसं आली, इथला मराठी समाज त्यांचाच. त्यांचा धक्का, आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसा आहे. पळून गेलेल्या गुलामांनी आसरा घेतलेला ल मॉर्नचा डोंगर २००८ पासून.

शेवटच्या फलकावर मॉरिशस ठेवलंत तर कोकणातल्या मुलाला हा विषय आपलाही आहे हे लगेच समजेल. फक्त गिरमिट आणि गुलामगिरी एकच असं लिहू नका. गिरमिटियाला करार होता, मुदत होती, मजुरी होती, आणि मूल मालकाचं होत नव्हतं. हाल होते, फसवणूक होती, पण फरक सांगायलाच हवा.

कंदील

सगळ्यांचे आभार. आता मांडणी अशी ठरतेय: दारात इक्वियानो आणि क्लार्कसन शेजारी-शेजारी, सारख्याच आकारात. मग नोंदपट आणि मेलॅम्पसचा शोध. मधोमध पेटी. उजवीकडे जमिनीवर ब्रुक्सच्या चौकटी. मागच्या भिंतीवर कालरेषा, १७८१ ते १८४३. बाहेर पडताना शरणपूर आणि मॉरिशस. विल्बरफोर्सला एक फलक, वेजवुडच्या मुद्रेचं चित्र छोटं आणि तिच्यावरच्या आक्षेपासकट.

दोन प्रश्न उरले. २८ मार्च की २५ मार्च? आणि फलकावर मजकूर किती?

तळघर

२५ ला उघडा, २८ ला व्याख्यान ठेवा. २५ मार्च हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला गुलामगिरीच्या बळींचा स्मरणदिन आहे आणि १८०७ च्या कायद्याचाही. पहिला दिवस बळींचा असावा, क्लार्कसनचा नंतर.

एका फलकावर ८० शब्दांच्या वर जाऊ नका. देवनागरीला वेलांट्या-मात्रांमुळे ओळींत जास्त मोकळी जागा लागते, इंग्रजीच्या सवयीने ओळी चिकटवल्या की उकार खालच्या ओळीत घुसतात. मुख्य मजकूर किमान ३० पॉइंट, ओळींतलं अंतर दीडपट. सनबोर्डवर मॅट लॅमिनेशन करा, चकचकीत केलंत तर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडून वाचता येत नाही. फलकाचा मध्य जमिनीपासून साडेचार फुटांवर, आठवीच्या मुलांना पुरतो. कापडाच्या खणावर थेट दिवा नको.

मोठ्या आकड्यांचा एकच फलक ठेवा: अटलांटिकपार नेण्यासाठी जहाजांवर चढवलेले सुमारे १ कोटी २५ लाख, जिवंत उतरलेले सुमारे १ कोटी ७ लाख. दोन्ही आकडे एकाच आकाराच्या अक्षरात. मधला फरक वाचणाऱ्याला स्वतः काढू द्या.

मोजपट्टी

फरशीवरची टेप आठवडाभर राहणार असेल तर साधी मास्किंग टेप नको. मार्चच्या उन्हाने गोंद वितळून फरशीला धरतो आणि मग रॉकेलने घासत बसावं लागतं. रंगकाम करणारे वापरतात ती निळी पेंटर टेप घ्या, महाग पडते पण सहज निघते. आणि चौकटीचं माप एका कोपऱ्यात टेपवरच लिहून ठेवा, कुणी टेप उचकटली तर परत लावायला खडू-फूटपट्टी शोधावी लागणार नाही.